तिकीट काढलं, पण लांडगा काही दिसला नाही

पत्र: आम्ही झ्युरिकजवळ राहतो. मुलगी नऊ वर्षांची, मुलगा चार. गाडी नाही. मागच्या जुलैत एका शनिवारी डोंगरातल्या एका प्राणी-उद्यानात गेलो. पोहोचेपर्यंत साडेअकरा वाजले. नकाशावरचा एकेक प्राणी खोडत दुपारभर फिरलो आणि दिसलं काय, तर बदकं आणि एका अस्वलाची पाठ. लांडगा दिसला नाही म्हणून मुलगी रडली, जेवणाचं बिल बघून नवरा रडायचाच बाकी होता. यंदा जुलैच्या मध्यापासून सहा आठवडे सासू-सासरे साताऱ्याहून येताहेत. सासूबाईंचे गुडघे दुखतात, दोघंही शाकाहारी आहेत. सकाळी निघून रात्री घरी येता येईल असं कुठे जावं? आणि या वेळी प्राणी दिसावेत म्हणून काय करावं?

उत्तर:

आधी लांडग्याचं बघू. तो तुमच्या मुलीला दिसला नाही याचं पहिलं कारण घड्याळ. जुलैत साडेअकरा ते चार या वेळात आल्प्समधले बहुतेक मोठे सस्तन प्राणी आडवे झालेले असतात. लांडगा, लिंक्स (एक मोठं जंगली मांजर), रानमांजर हे मुळात पहाटे आणि तिन्हीसांजेला हिंडणारे. अस्वल उन्हाळ्याच्या दुपारी झाडाखाली खड्डा करून त्यात पोट टेकून झोपतं. आयबेक्स, म्हणजे कमानीसारख्या मोठ्या शिंगांचा तो डोंगरी बोकड, कड्याच्या सावलीच्या बाजूला जातो आणि दगडाच्या रंगात मिसळून जातो. मार्मोटचं, म्हणजे बिळात राहणाऱ्या त्या गुबगुबीत डोंगरी खारीचं, तर विचारूच नका. हिवाळ्यातल्या सहा-सात महिन्यांच्या झोपेसाठी अंगावर चरबी चढवायची आणि ती चढली की ऊन सोसत नाही, अशी त्याची गत. मग दुपारी तो सरळ बिळात जातो. थोडक्यात, तुम्ही त्यांच्या वामकुक्षीच्या वेळी दार वाजवलंत.

दुसरं कारण उद्यानाच्या रचनेत आहे, आणि ते चांगलं कारण आहे. आल्प्समधल्या नीट चालवलेल्या उद्यानांत प्राण्याला लपायला जागा मुद्दाम ठेवलेली असते: झाडी, खडकांच्या कपारी, माणसांच्या नजरेपलीकडचा उतार. चारही बाजूंनी लोक बघताहेत आणि आडोसा नाही, अशा ठिकाणी लांडगा दिवसभर कुंपणाच्या कडेने एकाच रेषेत येरझाऱ्या घालताना दिसतो. तो ‘छान दिसतो’ खरा, पण ते आजाराचं लक्षण आहे. म्हणून ज्या उद्यानात प्राणी पटकन दिसत नाही तिथे परत जायला हरकत नाही. फक्त वेळ आणि पद्धत बदलायची.

पद्धत बदलायची म्हणजे यादी सोडायची. चार ते सहा प्राणी आधी घरीच ठरवा आणि प्रत्येकापुढे किमान पंधरा मिनिटं थांबा. लोक सरासरी दीड-दोन मिनिटं थांबतात, ‘काही नाहीये’ म्हणतात आणि पुढे जातात. आवार एकदम सगळं न्याहाळू नका. आधी सावलीची कड बघा, मग पडलेल्या ओंडक्यांमागची जागा, मग उंचावरचे सपाट दगड किंवा लाकडी माच्या, कारण लिंक्सला उंचावर झोपायला आवडतं. अख्खा प्राणी शोधायचाच नाही, हलणारा कान शोधायचा. चार वर्षांच्या मुलाला हेच काम द्या: कान कोण आधी पाहतो? तो कुजबुजत बोलू लागेल, आणि तेवढंच हवं असतं.

आता कुठे जायचं ते. मोठ्या सहलीआधी एक रंगीत तालीम करा: लांगेनबर्गला. लांगनाउ आम आल्बिसजवळचं हे वन्यजीव उद्यान १८६९ पासून आहे, स्वित्झर्लंडमधलं सर्वांत जुनं, आणि प्रवेश फुकट. आल्प्स इथून लांब दिसतात हे खरं, पण प्राणी तेच: अस्वल, लांडगा, लिंक्स, रानमांजर, आयबेक्स, मार्मोट, वीझंट हा युरोपीय गवा, मूस हे भलंमोठं हरीण. झ्युरिक मुख्य स्थानकावरून एस-४ लोकल पकडायची आणि विल्डपार्क-ह्योफ्ली या थांब्यावर उतरायचं. इथे एक गोम आहे. बऱ्याच एस-४ गाड्या लांगनाउ-गाटिकोनपर्यंतच जातात. पाटीवर झीलवाल्ड लिहिलेली गाडी बघून बसा, नाहीतर मधेच उतरून वाट बघावी लागेल. थांब्यापासून वर चढ आहे. सासूबाईंना घेऊन जाताना तो दम खात चढावा लागेल, पण तुम्हा चौघांना हरकत नाही. फुकट असण्याचा खरा फायदा पैशांचा नाही. तिकीट काढलं की ‘सगळं बघून घेऊ’ हा सोस येतो, तो इथे येत नाही. एखाद्या मंगळवारी शाळेनंतर, साडेपाच-सहाला जा, फक्त लांडगा आणि लिंक्स बघा, परत या. त्या वेळी लांडगे उठून फिरायला लागलेले असतात. मुलीचं रडू तिथेच भरून निघण्याची शक्यता बरीच आहे.

सासू-सासऱ्यांसह पूर्ण दिवसाची सहल म्हणाल, तर आमचं मत स्पष्ट आहे: गोल्डाऊ. झ्युरिकहून आर्थ-गोल्डाऊला त्सूगमार्गे थेट गाडीने पाऊण तास, आणि स्थानकापासून उद्यानाचं दार पाच मिनिटांवर. गाडी नसलेल्या घराला याहून सोयीचं काही मिळणार नाही. हे उद्यान १९२५ सालचं. ज्या जमिनीवर ते आहे तिची गोष्ट सासऱ्यांना सांगा. २ सप्टेंबर १८०६ रोजी, ओल्या उन्हाळ्यानंतर, समोरच्या रॉसबर्ग डोंगराचा एक भाग सुटून खाली आला आणि गोल्डाऊ गाव गाडलं गेलं. ४५७ माणसं गेली. उद्यानात पायवाटेच्या दोन्ही बाजूंना घराएवढे दगड शेवाळ घेऊन बसलेले दिसतात, ते त्या दिवशी वरून आलेले. अस्वलांना आणि लांडग्यांना याच दगडांत आडोसा मिळतो.

हो, अस्वलं आणि लांडगे इथे एकाच मोठ्या आवारात आहेत. ऐकायला विचित्र वाटतं, पण निसर्गात त्यांच्या वाटा एकमेकांना छेदतच असतात. एकमेकांच्या वासामुळे आणि खाण्यावरच्या डोळ्यामुळे दोघंही सावध आणि हालते राहतात, हा त्यामागचा विचार. बघायच्या जागा अनेक आहेत, तेव्हा एका ठिकाणी काही दिसलं नाही तर दुसरीकडून बघा. दार सकाळी ९ ला उघडतं. उघडल्या उघडल्या आत शिरा आणि दारापाशीच्या गोजिऱ्या हरणांपाशी न थांबता थेट अस्वल-लांडग्यांकडे जा. मुलांना ओढत न्यावं लागेल, तरी न्या. हरणं दिवसभर तिथेच असणार आहेत, लांडगा नाही.

तिसरी बघण्यासारखी चीज म्हणजे दाढीवालं गिधाड. पंखांचा पसारा पावणेतीन मीटरपर्यंत. खाणं मुख्यतः हाडं. मोठं हाड उंचावरून खडकावर टाकून फोडतं, मग तुकडे गिळतं. पोटातलं आम्ल इतकं जहाल की हाड विरघळतं. छातीचा तांबूस रंग जन्मजात नसतो. लोह असलेल्या मातीत, चिखलात अंग घोळून तो चढवलेला असतो. आल्प्समधून हा पक्षी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मारून संपवला गेला. १९८६ मध्ये ऑस्ट्रियात पिंजऱ्यात वाढवलेली पिल्लं मोकळी सोडायला सुरुवात झाली, स्वित्झर्लंडमध्ये १९९१ मध्ये. गोल्डाऊत जन्मलेली पिल्लंही अशी डोंगरात गेली आहेत. हाच पक्षी हिमालयातही आहे, तेव्हा सासरे कधी लडाख किंवा स्पितीला गेले असतील तर ओळख निघेल. गिधाडाला दुपार चालते, म्हणून ते जेवणानंतरसाठी ठेवा.

आता त्या हरणांचं, कारण तिथेच सर्वांत जास्त चुका होतात. गोल्डाऊत सिका हरणं आणि मुफ्लॉन ही रानमेंढरं लोकांमध्ये मोकळी फिरतात आणि त्यांना चारता येतं. पण चारायचं ते फक्त उद्यानात विकत मिळणारं खाद्य. साताऱ्याहून आलेल्या सासूबाईंचा हात डब्यातल्या पोळीकडे जाणार, हे गृहीत धरा. गोग्रासाची सवय आयुष्यभराची आहे आणि मनातला भाव चांगला आहे, म्हणून ‘नियम आहे’ एवढं सांगून भागणार नाही. कारण सांगा. रवंथ करणाऱ्या प्राण्याच्या पोटाचा पहिला कप्पा म्हणजे गवत कुजवणाऱ्या जंतूंची टाकी. त्यात पोळी, पाव, बिस्कीट पडलं की पिठातला स्टार्च झपाट्याने आंबतो, आम्ल वाढतं आणि गवत पचवणारे जंतू मरतात. हरीण खाणं सोडतं आणि जास्त झालं तर दगावतंही. एका पोळीने नाही, पण त्या दिवशी येणाऱ्या शेकडो जणांच्या एकेका पोळीने. खाद्याचं पाकीट आजीच्या हाती द्या, त्यांचा गोग्रास त्यातून होऊ दे.

चारायचं कसं? हात सपाट, अंगठा मिटून बाजूला, कमरेच्या उंचीवर. मुलं घाबरली की हात वर उचलतात. मग हरीण मागच्या पायांवर उभं राहतं आणि पुढचे खूर मुलाच्या छातीवर येतात. चावण्यापेक्षा याच कारणाने मुलं जास्त पडतात. पाकीट मुलाच्या हातात देऊ नका, मोठ्यांच्या खिशात ठेवा आणि एकेक मूठ काढा, कारण हरीण कागदासकट ओढतं. पाठीवरच्या पिशवीची चेन बंद. खाद्य संपलं की दोन्ही रिकामे तळवे उघडून दाखवायचे, बहुतेक हरणं मग पाठ फिरवतात. कापडी पिशवी, टोपीची दोरी, ओढणीचा लोंबता पदर, सगळं त्यांना खाण्यासारखं वाटतं. सासूबाईंचा पदर खोचलेला बरा. पाडस दिसलं तर त्याच्या आणि आईच्या मधे उभं राहायचं नाही.

त्यानंतर हात साबणाने, वाहत्या पाण्याखाली, वीस सेकंद. नुसतं सॅनिटायझर पुरत नाही, कारण लाळ आणि माती लागलेल्या हातावर ते नीट काम करत नाही. रवंथ करणाऱ्या प्राण्यांच्या आतड्यात ई. कोलायचे काही घातक प्रकार असतात, आणि ते पाच वर्षांखालच्या मुलांच्या मूत्रपिंडावर जातात. तुमचा मुलगा नेमका त्या वयाचा आहे. हात धुतल्याशिवाय तोंडात काही नाही, अगदी अंगठाही नाही.

गुडघ्यांबद्दल: गोल्डाऊतल्या वाटा दगडांमधून जातात, चढ-उतार आहेत. अख्खी फेरी सासूबाईंनी मारू नये. तिकीटखिडकीवर नकाशा घेऊन सपाट वाटा कोणत्या ते विचारा आणि दोन बाकं आधीच हेरून ठेवा, एक अस्वल-लांडग्यांच्या समोर आणि एक सावलीत, जेवणासाठी. उतरताना गुडघ्यावर जास्त भार येतो, म्हणून काठी एक नको, दोन घ्या. चार वर्षांच्या मुलासाठी छोट्या चाकांची घडीची ढकलगाडी खडीवर रुतते. मोठ्या चाकांची आणा, किंवा पाठीवर घ्यायची झोळी.

दुसरी सहल जरा लांबची, पण जुलै-ऑगस्टच्या उकाड्यात शहाणपणाची: आरोसा. झ्युरिकहून खूर या शहरापर्यंत सव्वा तास, तिथून लाल छोट्या रेल्वेने एक तास. खूरला ही गाडी स्थानकासमोरच्या रस्त्यावरूनच, मोटारींच्या बरोबरीने निघते. जाताना उजव्या बाजूला बसा, दरी तिकडे आहे. वाटेत लांगवीसचा काँक्रीटचा पूल लागतो, १९१४ सालचा, ६२ मीटर उंच. आरोसा गाव १७७५ मीटरवर. महाबळेश्वर साडेतेराशेच्या आसपास, त्याच्याही वर. तिथून वाइसहोर्नच्या केबल कारने मधल्या थांब्यापर्यंत, सुमारे २००० मीटरवर. तिथे २०१८ मध्ये उघडलेलं अस्वलांचं आश्रयस्थान आहे, सर्कशीत आणि हलाखीच्या पिंजऱ्यांत आयुष्य काढलेल्या अस्वलांसाठी.

इथे अपेक्षा नीट बांधून जा. अस्वलं मोजकी आणि आवार मोठं. ती काही करून दाखवत नाहीत. कधी पाण्यात बसतात, कधी जमीन उकरतात, कधी दिसतच नाहीत. पण दोन गोष्टी तुमच्या बाजूने आहेत. दर हजार मीटरला तापमान साडेसहा अंशांच्या आसपास उतरतं, म्हणजे झ्युरिकला २८ असेल तेव्हा इथे १७-१८. त्यामुळे दहा-साडेदहाला पोहोचलात तरी गोल्डाऊइतकं बिघडत नाही. आणि नऊ वर्षांच्या मुलीला समजेल अशी गोष्ट इथे समोर असते: सर्कशीतून सुटलेलं अस्वल थंडीत झोपायला पुन्हा कसं शिकतं. नाताळच्या सुट्टीत मात्र अस्वलं बघायला इथे येऊ नका. ती झोपलेली असतात.

दुपारी खाली या आणि खारींच्या वाटेवर जा. आइशह्योर्नशेनवेग असं तिचं जिभेला पीळ पाडणारं नाव. आरोसाहून मारानकडे झाडीतून जाणारी ही वाट सौम्य चढाची आहे. इथल्या खारी हातावरून दाणे उचलतात. द्यायचे ते बिनमिठाचे अक्रोड किंवा हेझलनट. खारवलेले शेंगदाणे नाहीत. बदामही नको, कारण कडू बदाम मिसळलेला असेल तर त्यातून सायनाइड तयार होतं आणि एवढ्याशा जिवाला थोडंही फार होतं. खाली उकिडवं बसायचं, दोन अक्रोड एकमेकांवर टकटक वाजवायचे, हात जमिनीलगत धरायचा आणि खार आली तरी बोटं मिटायची नाहीत. चारचा मुलगा पहिल्यांदा किंचाळेल, तिसऱ्यांदा नाही. खार पकडायची नाही, अंगावर हात फिरवायचा नाही. आजीला इथे मोकळं रान आहे: आपल्या खारीच्या पाठीवर रामाची बोटं उमटली, मग या तांबड्या खारींच्या पाठीवर पट्टे का नाहीत, याचं उत्तर नातवंडांनी त्यांच्याकडूनच घ्यावं.

२००० मीटर उंचीचा बहुतेकांना त्रास होत नाही. साताऱ्याचे लोक स्वित्झर्लंडला आले की युंगफ्राऊयोखला जातातच, आणि ते ३४५४ मीटर आहे. तरी सासऱ्यांना हृदयाचा किंवा श्वासाचा विकार असेल तर निघण्याआधी त्यांच्या डॉक्टरांशी बोला. वर गेल्यावर पहिली दहा मिनिटं बसून पाणी प्यायचं, मग चालायचं. ऊन थंड वाटतं पण भाजतं, म्हणून टोपी आणि सनस्क्रीन. आणि स्वेटर. जुलैत स्वेटर म्हटल्यावर घरात हसतील, त्यांना हसू द्या.

उन्हाळ्यात आल्प्समध्ये दुपारनंतर वीज-वादळ उठतं, आणि तेव्हा केबल कार थांबते. म्हणून आरोसात अस्वलं आधी, खारी नंतर. तीनच्या आत वरून खाली. आदल्या संध्याकाळी आणि निघताना मेटिओस्विस या इथल्या हवामान खात्याचं अॅप बघा. शेवटच्या केबल कारची वेळ पाटीवरून मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा.

युंगफ्राऊयोखचा विषय निघालाच आहे तर: तिथे जाल त्या दिवशी इंटरलाकेन ओस्ट स्थानकावर अर्धा-पाऊण तास मोकळा मिळाला तर हार्डर डोंगराच्या रेल्वेच्या खालच्या स्थानकाशेजारी एक लहानसं फुकट उद्यान आहे. आयबेक्स आणि मार्मोट, बस्स. चालत थोड्याच अंतरावर. त्यासाठी मुद्दाम जाऊ नका, वाटेवर असलात तर सोडू नका. आयबेक्स बघताना एवढं लक्षात असू द्या: एकोणिसाव्या शतकात शिकारीने हा प्राणी आल्प्सभर संपला होता. इटलीतल्या ग्रान पारादिसोत, राजाच्या राखीव शिकाररानात, शंभराच्या आसपास जीव तेवढे उरले. राजा विकायला तयार नव्हता. मग १९०६ मध्ये तिथून पिल्लं चोरून सीमेपलीकडे सांक्ट गालनच्या पीटर उंड पाउल उद्यानात आणली, वाढवली आणि १९११ मध्ये पहिले पाच आयबेक्स डोंगरात सोडले. आज स्वित्झर्लंडच्या कड्यांवर दिसणारे आयबेक्स या चोरीची फळं आहेत. कधीकधी तस्करीनेही भलं होतं, पण हे नऊ वर्षांच्या मुलीला कसं समजवायचं ते तुम्ही बघा.

इन्सब्रुकचं आल्पेनत्सू अनेक जण सुचवतील. १९६२ चं, फक्त आल्प्समधल्या प्राण्यांचं आणि खरोखर उत्तम आहे. पण झ्युरिकहून रेल्वेने एका बाजूला साडेतीन तास, आणि उद्यान डोंगराच्या उतारावर. एका दिवसात चार वर्षांचं मूल आणि दुखरे गुडघे घेऊन हे करू नका. एक रात्र राहणार असाल तर जा, हुंगरबुर्गबान या डोंगरी रेल्वेने चढा. सासू-सासऱ्यांचे मूळ पासपोर्ट सोबत हवेत. शेंगेन व्हिसावर ऑस्ट्रियात जाता येतं, पण गाडीत तपासणी होते आणि फोटोकॉपी चालत नाही.

तिकिटांचा हिशेब घरातच करा. सहा वर्षांखालचा मुलगा मोठ्यांसोबत फुकट. मुलीसाठी युनिओर कार्ड, वर्षाला ३० फ्रँक, त्यावर ती आई किंवा बाबांसोबत फुकट फिरते. बारीक अक्षरांतलं एक कलम मात्र लोकांच्या नजरेतून सुटतं: हे कार्ड पालकांसोबतच चालतं. एखाद्या दिवशी आजी-आजोबा एकटेच नातीला घेऊन निघाले तर ते लागू नाही. त्यासाठी किंडर-मिटफारकार्ट, म्हणजे पालक नसलेल्या मोठ्यांसोबत मुलांनी फिरायचं कार्ड, वेगळं काढावं लागतं. सासू-सासऱ्यांना पाहुण्यांचं एक महिन्याचं अर्ध्या भाड्याचं कार्ड घेता येतं. ते सहा आठवडे राहणार, म्हणजे कार्ड कोणत्या तारखेपासून सुरू करायचं ते लांबच्या सहली एकत्र बांधून ठरवा. आरोसाच्या दिवशी श्पारटागेसकार्ट, म्हणजे सवलतीचा दिवसाचा पास, स्वस्त पडू शकतो, पण तारीख जवळ आली की त्याची किंमत चढत जाते. हवामान बघून घ्यायचं की आधी स्वस्तात घ्यायचं, हा जुगार आहे. गोल्डाऊसाठी पासची गरज नाही, साधं तिकीट काढा आणि आकाश बघून निघा.

जेवण घरून न्या. उद्यानांत बाक-टेबलं असतात आणि स्वतःचा डबा खाल्ला तर कोणी काही म्हणत नाही. उपाहारगृहात शाकाहारी म्हणजे मुख्यतः बटाट्याच्या काचऱ्या आणि चीज. दशम्या सर्वांत बऱ्या: दुधात भिजवलेल्या असल्याने दुपारपर्यंत मऊ राहतात, सांडत नाहीत, मुलंही चालता चालता खातात. सोबत सुकी बटाट्याची भाजी, शेंगदाण्याची चटणी, काकडी. लाडू मुलांसाठी. ऑगस्टमध्ये गोड सरबत आणि फळांवर गांधीलमाश्या येतात, तेव्हा उघडा पेला नको, झाकणाची बाटली घ्या, आणि पिण्याआधी तोंडाशी बघा. पाणी विकत घेऊ नका. कारंज्याचं पाणी पिण्याचं असतं, ‘काइन ट्रिंकवासर’ (पिण्याचं पाणी नाही) अशी पाटी असेल तिथेच नाही. रविवारी दुकानं बंद, मोठ्या स्थानकांवरची सोडून. तेव्हा राहिलेलं सामान शनिवारीच आणा.

दुर्बीण एक तरी असू द्या, ८×३२ ची. १० पटीची घेतली तर मुलांच्या हातात चित्र थरथरतं आणि काही सापडत नाही. फोटोसाठी काचेवर मोबाइल पूर्ण टेकवा, म्हणजे तुमचंच प्रतिबिंब येणार नाही. जाळीपाशीही तसंच: लेन्स जाळीला अगदी लावली आणि प्राणी जाळीपासून दूर असला की जाळी जवळजवळ गायब होते.

गोचिडांचं सांगायलाच हवं. गोल्डाऊ आणि लांगेनबर्ग दोन्हीकडे झाडी आहे आणि मार्च ते नोव्हेंबर गोचीड असते. वाटेवरून चालत राहिलात तर धोका कमी, गवतात बसलात की वाढतो. घरी आल्यावर आंघोळीआधी सगळ्यांना तपासा: गुडघ्यामागे, जांघेत, काखेत, कानामागे, मुलांच्या केसांच्या कडेला. चिकटलेली दिसली तर बारीक चिमट्याने कातडीलगत पकडून सरळ वर ओढायची. खोबरेल तेल, तूप लावायचं नाही, गुदमरलेली गोचीड पोटातलं रक्तात ओकते. तारीख लिहून ठेवा. पुढच्या काही आठवड्यांत तिथे पसरत जाणारं लाल वर्तुळ आलं किंवा ताप आला तर डॉक्टर. गोचिडीमुळे होणाऱ्या मेंदूज्वराला लस आहे, इथेच राहणाऱ्या तुम्हा चौघांनी तिच्याबद्दल डॉक्टरांना विचारा.

सासू-सासरे ऑगस्टअखेर परततील, त्यानंतरचं तुमच्यासाठी. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये अस्वलं झोपेआधी दिवसभर खात सुटतात, तेव्हा ती सर्वांत जास्त दिसतात. सप्टेंबरच्या उत्तरार्धात तांबड्या हरणांचा माज असतो आणि नर डरकाळ्या फोडतात. एंगाडीनमधल्या वाल ट्रुप्चुन खोऱ्यात ते मोकळ्या रानात ऐकू येतं. मुलीला दोन-तीन वर्षांनी न्या, चाल बरीच आहे. उद्यानांतही त्या दिवसांत मोकळ्या हरणांच्या नरांपासून मुलांना लांब ठेवा.

आणि रिमझिम पाऊस असला तर सहल रद्द करू नका. ढगाळ, ओल्या दिवशी गर्दी अर्धी होते आणि जनावरं दुपारीही उठून फिरतात. टाळायचं ते फक्त वादळ.

अस्वल-लांडग्यांसमोर हेरलेल्या त्या बाकावर सासूबाईंना शाल, थर्मास आणि दुर्बीण देऊन बसवा. बाकीचे फिरायला जातील, त्या तासभर हलणार नाहीत, आणि लांडगा ज्याला दिसतो तो माणूस नेमका असाच बसलेला असतो. मुलीला दर अर्ध्या तासाने तिथे पाठवा, आजीला विचारायला.